मुद्देमालातली फळी

ती घटना आठवायची म्हटली की आजही सगळ्यात आधी नाकात येतो तो तापलेल्या लाखेचा वास. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मी खरा हादरलो तो या एका प्रकरणात, आणि तेही दोनदा. नाव कुणाचंच लिहीत नाही. बोल लावायचाच असेल तर तो मला लावा.

मी तेव्हा सोलापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. मे महिना, शुक्रवार, दुपारचे चार वाजत आलेले. सात रस्ता चौकातला बंदोबस्त आटोपून नुकताच खुर्चीत टेकलो होतो. ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडून एक बाई बोलत होती.

"सायेब, आमच्या शेजारचा बाप पोरीला रोज फळीला बांधतोय की वो! आई न्हाय तिला. मागावरची पयली पाळी सुटली की घरी येतोय आन् बांधतोय. पोर वरडून वरडून निळी पडती, आन् ह्यो वर गाणं म्हणतोय! माजं नाव मातर सांगू नका."

छळ करणारे बाप मी पाहिले होते. छळताना गाणं म्हणणारा ऐकला नव्हता. माझं डोकं फिरलं. स्टेशन डायरीला नोंद केली, एक महिला शिपाई आणि दोन पंच घेतले आणि निघालो.

यंत्रमागांची वस्ती. अरुंद बोळ, पत्र्याची घरं, चारी बाजूंनी मागांची खडखड. त्या खडखडीतूनही पोरीची किंकाळी कोपऱ्यावर ऐकू आली. आणि तिच्यावर चढलेला एका पुरुषाचा आवाज, तेलुगूत काहीतरी गाणारा. महिला शिपाई म्हणाली, "बापरे, साहेब, खरंच गातोय हा!" मी दाराला लाथ घातली.

आत बाजेवर आठ-नऊ वर्षांची मुलगी. मान, बगल, कोपरापर्यंतचा हात, सगळं भाजून बरं झालेलं, पण कातडी लाल, जाड, दोरासारखी ओढलेली. दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या होत्या, एक तिच्या बरगडीला आणि दुसरी हाताखाली. हात खांद्याच्या रेषेत आडवा ताणून पट्ट्यांनी आवळलेला. बाप गुडघ्यावर बसून तो हात दाबून धरत होता आणि गात होता. मी आधी त्याच्या कानाखाली वाजवली, मग नाव विचारलं.

पोरगी ओरडली, "सोडू नका की! गाणं संपलं न्हाई अजून!"

मला वाटलं, पोर इतकी दहशतीत आहे की सोडवायला आलेल्या माणसालाही घाबरते. त्या पट्ट्यांच्या गाठी मी माझ्या हातांनी सोडल्या. शिपायाला सोडू दिल्या नाहीत, इतका संताप होता.

पंचनामा मीच सांगितला. लाकडी फळ्या दोन, रंधा मारलेल्या, कडा घासून गोल केलेल्या, वर चादरीच्या कापडाचं दुहेरी अस्तर, पट्ट्या मऊ टॉवेलच्या. शब्द न् शब्द बरोबर. पण आपण काय सांगतोय याचा एका क्षणासाठीही विचार केला नाही. अहो, ज्याला छळायचं आहे तो माणूस फळीच्या कडा कशाला गोल करेल! ठाण्यात आल्यावर ती वस्तू कापडात गुंडाळून लाखेचं सील मारलं, मुद्देमाल रजिस्टरला चढवली आणि खोलीला कुलूप घातलं. बापावर गुन्हा दाखल, अटक. मुलगी बाल कल्याण समितीच्या आदेशानं बालगृहात.

तो बाप मागावरचा कामगार. मराठी तोडकीमोडकी. चौकशीत एकच वाक्य धरून बसला. "डॉक्टर म्याडम सांगितले. रोज बांधायचं. एक दिवस पण सुटलं तर हात चिकटतंय."

आता हे मी तपासलं नाही असं समजू नका. मुलगी पाच महिन्यांपूर्वी रंगाच्या कढईतल्या उकळत्या पाण्यानं भाजली होती. जिथं उपचार चालू होते तिथं फोन लावला. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "हात ताणलेला राहावा म्हणून आम्ही प्लास्टिकचा स्प्लिंट दिलाय. लाकडाला बांधायला कुणी सांगितलेलं नाही. स्प्लिंटचं सगळं आमच्या थेरपिस्ट मॅडम बघतात, त्या सोमवारी येतील." डॉक्टरांचा शब्द न् शब्द खरा होता. आणि मी खूश! म्हटलं, सापडला खोटारडा.

रविवारी सकाळी बालगृहाच्या अधीक्षिकेचा फोन आला.

"साहेब, तुम्ही आधी या. ती मुलगी स्वतःला खिडकीच्या गजाला बांधून घेते. ओढणीनं. दोनदा सोडवली, तिसऱ्यांदा पुन्हा तेच. दातांनी गाठ मारते हो!"

मी गेलो. पोरगी खिडकीशी उभी होती, हात गजाला बांधलेला, गालांवर पाणी वाळलेलं. मी विचारलं, "कोण सांगतं तुला असं करायला?"

"कुणी न्हाई. हात खाली आला की खालीच राहतोय. मग मला शाळेत घेत न्हाईत, लिहिता येत न्हाई, वेणी घालता येत न्हाई. काका, माझी फळी कुठाय?"

दहशतीतलं पोर छळाचं हत्यार परत मागत नाही, एवढं तर मला कळतं.

तसाच कोठडीकडं गेलो. बाप भिंतीला टेकून बसला होता. मला बघितल्यावर उठून हात जोडले. सुटकेचं काही बोलला नाही. म्हणाला, "साहेब, मला ठेवा हितंच. कितीबी दिवस ठेवा. फळी तेवढं पोरीला द्या."

"प्लास्टिकचा दिला होता ना? तो कुठाय?"

"वितळलं साहेब. पत्र्याखाली माळ्यावर ठेवलं होतं."

त्याच्या घराचं सील काढून माळ्यावर चढलो. पत्र्याला हात लागला आणि चटका बसला. कोपऱ्यात तो स्प्लिंट पडला होता, पांढरा, अर्धवट तळलेल्या पापडासारखा वाकडा झालेला. असला साचा गरम पाण्यात मऊ करून अंगावर बसवतात, हे मला नंतर कळलं. मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली तो आपोआप मऊ पडला होता.

थेरपिस्ट मॅडमना निरोप धाडला, दवाखान्याआधी इकडं या. सोमवारी सकाळी त्या ठाण्यात आल्या. त्यांना पंचनामा वाचून दाखवला. "कडा घासून गोल केलेल्या" या ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

"साहेब, तो वाकडा स्प्लिंट मी दोनदा नीट करून दिला. तिसऱ्यांदा बसेना. नवीन शीट पुण्याहून यायचं होतं. मी त्यांना म्हटलं होतं, काहीही करा पण हात खाली राहू देऊ नका, नवी कातडी आकसते. त्यांनी मागाच्या लाकडातून हुबेहूब करून घेतला म्हणजे! आणि तुम्ही तो... किती दिवस झाले?"

"तीन."

त्यांनी पिशवी उचलली, म्हणाल्या, "आधी ती फळी सोडवा."

सील केलेला मुद्देमाल न्यायालयाच्या परवानगीशिवाय फोडता येत नाही. मी स्वतः अर्ज घेऊन उभा राहिलो. "तपासात चूक झाली" हे वाक्य न्यायाधीशांसमोर उच्चारायची माझ्या नोकरीतली ती पहिली वेळ. फळी परत मिळाली आणि बापालाही सोडण्याचा आदेश झाला.

बालगृहातून पोरीला घेऊन दवाखान्यात गेलो आणि तिथं लाख फोडली. मॅडमनी कोनमापक लावला. मागच्या तपासणीला खांद्याच्या वर गेलेला हात आता खांद्यापर्यंतही येईना. बापानं फळी लावली, मला म्हणाला, "साहेब, तिकडून धरा." मी धरली. त्यानं गायला तोंड उघडलं आणि त्याला हुंदकाच फुटला. तीन दिवस कोठडीत न रडलेला माणूस तिथं मोडला.

पोरगी कळवळून ओरडली, "कुणीतरी म्हणा की काहीतरी!"

मला गाणं कुठलं येतंय! मी आपला पाढा सुरू केला, एकोणिसाचा. आवाज फाटलेला, डोळ्यांपुढं धुकं. "एकोणीस साते एकशे एकतीस..."

"एकशे तेहतीस!" ती रडता रडता ओरडली. मी मुद्दाम चुकलो नव्हतो. पण त्यानंतर मुद्दाम चुकत गेलो, आणि ती ओरडून दुरुस्त करत गेली. शेवटची पट्टी मीच आवळली.

पुढं "क समरी" पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. फोन करणाऱ्या बाईलाही सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता फळीचं दुसरं टोक धरायला जाऊ लागली. बापाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी पोरीसाठीच आला होता की." याच्यापेक्षा त्यानं माझी कॉलर धरली असती तर बरं झालं असतं.

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. कुणी आरडाओरडा करत असेल तर आजही मी दारावर लाथच मारीन, त्यात बदल नाही. पण आत गेल्यावर गाठ सोडायच्या आधी ज्याला बांधलंय त्याचं पहिलं वाक्य ऐकेन. ती पोर पहिल्याच वाक्यात सगळं सांगत होती. मीच बहिरा होतो.

बारावी झाल्यावर ती पेढे घेऊन घरी आली. दोन वेण्या, स्वतः घातलेल्या. दारातच म्हणाली, "काका, बघा," आणि हात वर केला. पार वर. फक्त कानाला टेकला नाही, चार बोटं अंतर राहिलं. मॅडम म्हणतात, ते त्या तीन दिवसांमुळंच असं सांगता येत नाही, इतकं भाजल्यावर तेवढं राहतंच.

त्या चांगल्या बाई आहेत. पण त्या गाठी मी सोडल्या होत्या. ती चार बोटं माझी आहेत.