समजलं ना, काका?

फिजिशियन असिस्टंट म्हणजे नक्की काय, हे खारबाव गावात रूपाने चार वर्षं सगळ्यांना सांगून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. नर्स नाही, डॉक्टर नाही, मग कोण? बायकांनी आपसात तिला 'अर्धी डॉक्टरीण' ठरवून टाकली. रूपाला ते झोंबायचं. कशेळीजवळच्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टरांचा उजवा हात होती ती. पेशंटची सगळी हकीकत ती लिहून घ्यायची, ईसीजी आधी ती बघायची, ऑपरेशनला उभी राहायची, टाके घालायची. आणि पेशंटला घरी सोडताना गोळ्या समजावून सांगणं, हे तर पूर्ण तिचंच काम.

त्या कामातच ती चुकली.

केसरीनाथकाकांचे निजामपुऱ्यात कापड विणायचे चार लूम. रूपाचे वडील राघो तिथेच तीस वर्षं कामाला. मालक असूनही काका जन्मभर लूमवर उभे राहिलेले, त्यामुळे खडखडाटाने दोघांचेही कान गेलेले. ओठ बघून समजून घ्यायचं, आणि नाही समजलं तरी 'हां, हां' करून मान हलवायची. कारखान्यात तसंच चालतं. एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायला वेळ कुणाला असतो? बाबांशी बोलायचं तर समोर जाऊन, हे रूपाला बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं.

काकांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. घरी सोडायच्या दिवशी रूपाने तोंडावरचा मास्क न काढताच त्यांना सगळं सांगितलं. ही रक्त पातळ ठेवायची गोळी, कितीही बरं वाटलं तरी वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही.

"समजलं ना, काका?"

काकांनी मान हलवली. "हां, हां."

पेशंटला स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा, असं कॉलेजात घोकून घेतलं होतं. अनोळखी माणसाला ती विचारायचीच. पण ज्यांच्या लूमवर आपलं घर चाललं, ज्यांनी आपल्या ॲडमिशनचे पेढे गावभर वाटले, त्यांची परीक्षा कशी घ्यायची? तिला लाज वाटली. कागदावर 'समजावून सांगितले' असं लिहून तिने सही केली आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली.

तीन महिन्यांनी काका गेले. रक्ताची गुठळी होऊन स्टेंट बंद झाला होता.

रूपा त्यांच्या घरी भेटायला गेली तेव्हा धोंडूबाईकाकूंनी गोळ्यांची पिशवीच तिच्यापुढे ठेवली. "छातीत दुखायचं थांबलं, मंग बंदच केल्या त्यांनी. मी म्हटलं, रूपाला तरी विचारा. तर म्हनले, तिनं समदं सांगितलंय मला." पिशवीत त्या गोळीच्या उरलेल्या पट्ट्या तशाच होत्या, न फोडलेल्या. वर काकूंनी तिच्याच पाठीवरून हात फिरवला. "तू लय केलंस गो त्यांचं." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रूपाला वाटत राहिलं.

घरी आली तर बाबा ओट्यावर रस्त्याकडे बघत बसलेले. ती शेजारी टेकली आणि मान खाली घालून तिने बोलून टाकलं, "बाबा, काका माझ्यामुळे गेले. त्यांना कळलंच नव्हतं, आणि मी विचारलं नाही."

राघोने मान हलवली. "हां, हां."

क्षणभर तिला हलकं वाटलं. सांगून झालं, बाबा रागावले नाहीत, सुटले. मग तिला स्वतःचीच चीड आली. ती उठून त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, मी आत्ता काय बोलले, सांगा बघू."

राघो ओशाळून हसला. "चल जेवाय, असंच म्हनली असशील ना?"

"न्हाय, बाबा," रूपा म्हणाली. तिने त्यांचे हात धरले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं, सावकाश, एकेक शब्द त्यांना दिसेल असा.