खाली पडलेला प्लग

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसलो तर पहिली अडचण अशी, की ऐकायला गोष्ट फार किरकोळ आहे. एका गाडीचे स्पार्क प्लग बदलले, एवढीच. त्यात कबूल करण्यासारखं काय असणार? मीही स्वतःला बरेच दिवस हेच विचारत होतो.

आधी मी कोण ते सांगतो. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावचा. आमच्या घरात पदवी मिळवलेला पहिला माणूस, तोही मेकॅनिकल इंजिनिअर. हे झालं ते माझ्या थोरल्या बहिणीमुळं आणि दाजींमुळं. सांगलीच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हा दाजींनी वसतिगृहाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. ते लष्करात ड्रायव्हर होते, कायम लांब कुठंतरी. सांगलीच्या घरात ताई आणि लहानगी रूपाली. मी त्यांच्यात राहिलो, जेवलो, शिकलो. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ताई टीव्हीचा आवाज लावू द्यायची नाही. रूपाली आवाज बंद करून नुसती हलणारी चित्रं बघत बसायची, आणि हसू आलं की तोंडावर हात ठेवायची. एवढं लक्षात असू द्या. मी विसरलो होतो.

तर इंजिनिअर झालो, साताऱ्याला कारखान्यात लागलो. पण एक गंमत सांगू? चालू गाडीचं इंजिन मी कधी उघडलंच नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक कापलेलं इंजिन होतं, आतले भाग लाल-निळे रंगवलेले. दांडा फिरवला की पिस्टन वरखाली व्हायचा. परीक्षेत त्याची आकृती काढून मी चांगले मार्कही मिळवले. नोकरीत माझं काम संगणकावर. आणि गावाकडं तर सगळे धरूनच चालतात — इंजिनिअर हाय म्हंजी त्याला सगळं येतंय. पाण्याची मोटर जळाली, मला फोन. मिक्सर अडला, मला फोन. मीही कधी 'मला येत नाही' म्हटलं नाही. का म्हणायचं? कौतुक कुणाला नको असतं?

दाजी निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी पण जोरदार गाडी घेतली. टर्बो पेट्रोल, सहा गिअरची. दिसायला साधी, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी. लोकांनी विचारलं, या वयात ही कशाला? दाजी म्हणाले, "आवं, उभा जन्म ताफ्यात चाळीसनं ट्रक चालवला. आता एकदा तरी पुढच्याला मागं टाकू द्या की." ती गाडी ते स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला फडकं लावू द्यायचे नाहीत. किल्ली फक्त एका माणसाला मिळायची. रूपालीला. ती कॉलेजात होती. ड्रायव्हिंग तिला त्यांनी स्वतः शिकवलेलं, आणि शिकवताना, ताई सांगते, एकदाही ओरडले नव्हते.

त्या गाडीचं बॉनेट मी पहिल्यांदा उचललं तेव्हापासून मला चैन नव्हतं. आत काय असेल? लाल-निळा रंग नाही दिलेला, खरोखर जळणारं. मी व्हिडिओ बघायला लागलो. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघितला की इंजिनची तब्येत कळते, असं त्यात सांगायचे. काळं टोक म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, पांढरं म्हणजे इंजिन तापतंय, आणि दुधाच्या चहासारखं तपकिरी म्हणजे सगळं ठीक. मला ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बस्स, इतकंच. पण 'मला बघायचंय' असं सांगून दाजींच्या गाडीला हात कसा लावणार? म्हणून मी म्हटलं, "दाजी, गाडीचे प्लग गेलेत. बदलायला पाहिजेत."

गाडी तर छान चालत होती. दाजींनी बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमच्या डिझेल ट्रकला प्लगच नसायचा, मला त्यातलं काय कळत न्हाई. तू शिकलायस. बदल." त्यांनी एक प्रश्न विचारला असता तरी मी अडखळलो असतो. त्यांनी विचारला नाही.

प्लग मागवले. चारच, जितके लागतात तितके. ते घेऊन मी सांगलीला पोचलो तो दिवस खंडेनवमीचा निघाला. दुसऱ्या दिवशी दसरा. सगळ्यांनी मिळून कोरेगावला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोनं द्यायला जायचं ठरलेलं. आणि गाडी रूपाली चालवणार होती, सांगलीपासून आबांच्या दारापर्यंत. तिनं आबांना फोन करून सांगून ठेवलं होतं: "आबा, बाहेर थांबा. मी कुठल्या दारातून उतरते ते बघा."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. ताईनं पाटावर विळी, कोयता, शिलाईची कात्री, रूपालीचा लॅपटॉप आणि दाजींचे पाने मांडले होते. पाने तेलानं पुसून, वर हळद-कुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला विश्रांती असते, ते हलवायचं नाही. मी पाटावरचा पाना उचलला तशी ताई म्हणाली, "आज न्हाई रं हालवायचं." मी हसलो. "ताई, काम हीच पूजा." शिकलेल्या माणसाचं वाक्य. ती पाटापासून बाजूला झाली, आणि मला ते आवडलं.

तुम्ही कधी असं काही उघडलंय का हो? इंजिन पूर्ण गार होऊ दिलेलं. वरचं झाकण उचललं, प्लगला वीज देणाऱ्या कॉइलची वायर काढली, बोल्ट सोडला, कॉइल सरळ वर ओढली. खाली एक अरुंद खोल विहीर, तळाशी प्लग. आत धूळ पडू नये म्हणून सायकलच्या पंपानं हवा मारली. पाना लावला. पहिल्या झटक्याला प्लग कुरकुरला आणि सुटला. तो अलगद वर घेतला. मी तो उजेडात धरला.

दुधाच्या चहासारखा. दुसराही तसाच. तिसरा, चौथाही.

म्हणजे प्लग उत्तम होते. तिथंच मी ते परत बसवून हात धुवायला हवे होते. पण दाजी शेजारी येऊन उभे होते आणि मी ते त्यांच्यापुढं धरून म्हणालो, "बघा, पार गेलेत." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "टाकू नको, असू देत. फौजेत कायबी टाकत न्हाईत." जुने प्लग नव्यांच्या खोक्यात घालून मी डिकीत ठेवले.

नवे बसवताना शेवटचा हातातून निसटला. पूजेचा कोप वगैरे काही नाही. पान्याचं तेल आणि हळद बोटांना लागली होती, बोटं बुळबुळीत झाली होती. प्लग फरशीवर पडला आणि टिंग असा बारीक आवाज झाला. पडलेला प्लग वापरू नये, हे मी बघितलेल्या प्रत्येक व्हिडिओत होतं. आतल्या चिनी मातीला न दिसणारी चीर जाते. मी तो फिरवून फिरवून बघितला. चीर दिसली नाही. ठिणगी पडते ती टोकाची फट जरा मिटली होती, ती नीट केली. एक जुना, चांगला प्लग तिथं घालता आला असता. पण मग दाजी विचारणार, गेलेला परत कसा घातला? मी पडलेलाच बसवला. गाडी सुरू केली. मऊ, एकसारखा आवाज. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आमचा इंजिनिअर."

दसऱ्याला निघालो. बॉनेटला झेंडूचा हार, रूपाली चालवायला, शेजारी दाजी, मागं ताई आणि मी. पोरगी छान चालवत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आरशात बघितल्याशिवाय काही करायची नाही. दाजींना फौजेतल्या मित्रांचे फोन येत होते, ते मोठमोठ्यानं दसऱ्याच्या शुभेच्छा देत होते. मलकापूरच्या अलीकडं एका चढाला पुढं मोठा कंटेनर आला. रूपालीनं आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गिअर उतरवला आणि पाय दाबला.

गाडीनं हिसका दिला. मग दुसरा. खोकला लागल्यासारखी गाडी अडखळायला लागली, पुढं एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मला लगेच कळलं. हळू चालताना असा प्लग काही दाखवत नाही. इंजिनवर जोर पडला की ठिणगी चिरेतून पळते. 

रूपालीनं न घाबरता गाडी कडेला घेऊन बंद केली. दाजींनी फोन ठेवला. "काय झालं गं?" ती म्हणाली, "माहीत नाही, पप्पा."

तेवढ्यात ताई हळूच म्हणाली, "काल म्हटलं हुतं, हत्यार हालवू नको."

काय बोलली होती ती? तिचं कारण चुकीचं होतं, पण बोट बरोबर माणसाकडं होतं. दाजी माझ्याकडं वळले. एका क्षणात सगळं उघडं पडणार होतं — पडलेला प्लग, चांगले असलेले जुने प्लग, 'आमचा इंजिनिअर', सगळं. आणि मी म्हणालो, "दाजी, तिनं चौथ्याच्या जागी दुसरा गिअर टाकला. दोन्हींना दांडा खालीच ओढायचा असतो, नवख्या माणसाचं होतं असं. इंजिनला झटका बसतो त्यानं."

खोटं बोलायलाही माझं शिक्षणच उपयोगी पडलं, बघा.

रूपालीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "मामा, चौथाच टाकला होता मी." मग तिनं गिअरच्या दांड्याकडं बघितलं. तो न्यूट्रलला होता, काही सांगत नव्हता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आणि ती म्हणाली, "बहुतेक."

ते 'बहुतेक' मी तिच्या तोंडून काढून घेतलं. कुणाला ऐकूही गेलं नसेल इतक्या हळू ती ते म्हणाली.

दाजी ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "उतर. मागं बस." पुढं ते स्वतः बैलगाडीसारखी गाडी चालवत कोरेगावला घेऊन आले. आबा खरंच बाहेर कट्ट्यावर बसले होते, धुतलेली टोपी घालून. गाडी थांबल्यावर ते उठून चालवणाऱ्याच्या दाराशी गेले. तिथून दाजी उतरले. रूपाली मागच्या दारानं उतरली आणि आबांच्या हातात आपट्याची पानं ठेवून पाया पडली. आबा म्हणाले, "व्हय गं, तू चालवणार हुतीस न्हवं?" ती म्हणाली, "पप्पांनी चालवली."

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी 'जरा बघतो' म्हणून बाहेर आलो. इंजिन गार झालं होतं. पडलेला प्लग काढला आणि डिकीतला एक जुना, 'पार गेलेला' प्लग त्या जागी घातला. गाडी पूर्ववत. दाजींनी एक चक्कर मारून आणली आणि आत येऊन सगळ्यांना सांगितलं, "पोरीनं बिघडवली, मामानं नीट केली." लोक हसले. ताईनं मला आणखी एक पुरणपोळी वाढली. मी खाल्ली.

किल्ली परत रूपालीला मिळाली नाही. तिनं मागितलीही नाही.

तो प्लग मी कारखान्यात नेऊन मोठ्या भिंगाखाली ठेवला. का? उत्सुकता. अजूनही तीच. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ होती, वरून खालपर्यंत. ठिणगी कुठून पळाली ते स्पष्ट दिसत होतं. मी बराच वेळ बघत बसलो. मला ती सुंदर वाटली. हेही सांगायला हवं, म्हणून सांगतो.

रूपाली आता पुण्यात नोकरी करते. सगळीकडं बसनं जाते. मैत्रिणी गाडी चालवायचा आग्रह करतात तेव्हा हसून म्हणते, "माझ्या हातात गाडी टिकत नाही." गेल्या दसऱ्याला ती सोनं द्यायला माझ्या घरी आली होती. पाया पडली, बसली, चहा घेतला. आणि मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "मामा, चौथ्याऐवजी दुसरा लागला तर गाडी नुसती अडखळते, की एकदम मागं ओढते? इंजिनचा आवाज वाढतो ना?"

इतकी वर्षं ती हे मनात फिरवून बघत होती. मी म्हणालो, "सांगता येत नाही. काहीही होऊ शकतं." ती "अच्छा" म्हणाली आणि कप आत ठेवायला गेली.

सांगता येतं. दुसरा लागला असता तर गाडी मागं ओढली असती, मानेला हिसडा बसला असता, इंजिन किंचाळलं असतं. त्या दिवशी इंजिन किंचाळलं नव्हतं. मी मागच्या सीटवर मधोमध बसलो होतो, तिचा हात आणि दांडा माझ्या डोळ्यांसमोर होता. तिनं चौथाच टाकला होता. त्या चढाला चौथाच बरोबर होता.