एकटे आलेल्यांच्या ओळी

पूंगोडीअक्काला आमच्या ऑफिसात कोणी कधी धावताना पाहिलं नाही. सर्व्हर बंद पडो, गिऱ्हाईक फोनवर ओरडो, ती आधी डब्यातलं ताक संपवणार, डबा धुणार, मग खुर्चीत बसणार. कोईमतूरला येऊन मला सोळा वर्षं झाली. त्यातली चौदा मी तिच्या शेजारच्या टेबलावर काढली.

सिंगानल्लूरच्या गिरणीत तिची आई सूत गुंडाळणाऱ्या खात्यात होती. बारावीनंतर पूंगोडी टाइपिंग शिकली आणि आमच्याकडे माहिती भरायच्या कामाला लागली. प्रोग्राम लिहायला तिला कोणी शिकवलं नाही. स्वतः भरलेली माहिती कुठे अडते हे बघता बघता ती आतलं वाचायला लागली, आणि वाचता वाचता दुरुस्त करायला. पुढे इंजिनिअर झालेली पोरं तिच्याकडे चुका घेऊन येत, तरी तिच्या नावाच्या पाटीवर कितीतरी वर्षं ‘ऑपरेटर’च होतं. मालक नटेसन सार यांना ते बदलायचं सुचलं नाही आणि तिने सुचवलं नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एका धर्मादाय नेत्रालयासाठी काम केलं होतं. त्यांची मोतीबिंदूची शिबिरं गावोगावी होतात. तिथली सिस्टर कॉम्प्युटरवर एक तक्ता भरते: नाव, वय, कुठला डोळा, सोबत कोण आलंय, त्याचा फोन. चाळीसेक ओळी झाल्या की ‘सेव्ह’ दाबायचं, की सगळं डेटाबेसमध्ये. पण मधूनच सेव्ह दाबल्यावर पडदा लाल व्हायचा आणि सगळ्या ओळी पुसल्या जायच्या. चूक अशी दिसायची की प्रोग्रामने जी गोष्ट हातात धरायला मागितली ती तिथे नाहीच. आमच्या भाषेत नल. शून्य असतं तर चाललं असतं, कोरी चौकट असती तरी चाललं असतं. इथे चौकटच नव्हती. पण कुठली चौकट, कितव्या ओळीतली, ते काही कळत नव्हतं.

आमच्या मशिनवर मात्र एकदाही झालं नाही. मी स्वतः दोनशे वेळा सेव्ह करून पाहिलं. तपासणीचं काम माझंच होतं.

तक्रार आमच्यापर्यंत पोचून तीन आठवडे झाले तेव्हा नटेसन सार वैतागले. “पूंगोडीम्मा, एवढं काय धरून बसलात? चूक आली की आतल्या आत गिळून टाका. पडदा लाल दिसला नाही की फोन येणार नाही.”

“आणि त्या चाळीस ओळी, सार?”

“त्या महिन्यातून एकदा जातात.”

“आत्ता जातात तेव्हा सिस्टर ओरडते तरी,” अक्का म्हणाली. “गिळून टाकलं तर तिला वाटेल सगळं नीट झालं. शिबिर संपेल, गाडी जाईल, आणि चाळीस माणसं ऑपरेशनच्या यादीत नसतील. मग ओरडायलाही कोणी नाही.”

“मग करा काय करायचं ते. सोमवारपर्यंत.”

शनिवारी किणत्तुकडवूच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये शिबिर होतं. अक्का मला, धाकट्या भावाला हाक मारावी तशी, म्हणाली, “तंबी, चल. आपल्या मशिनवर होत नाही ना, मग त्यांच्या मशिनवर बघू.”

सिस्टर जेबमणी पन्नाशीच्या, काटक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आम्हाला बघून म्हणाल्या, “आलात? तीन आठवडे फोनवर ‘बघतो, बघतो’ चाललं होतं. घ्या, बघा आता डोळे भरून. तपासून हवे असतील तर तेही करते.”

अक्का हसली आणि प्लास्टिकचं स्टूल ओढून त्यांच्या मागे बसली. कॉम्प्युटरला हात लावला नाही, काही विचारलंही नाही. नुसते सिस्टरचे हात बघत राहिली. मला वाटलं होतं ती लॅपटॉप काढेल, तारा जोडेल. ती फक्त वहीत मधूनमधून एखादा शब्द लिहायची. चार तास झाले. दोनदा सेव्ह झालं, दोन्ही वेळा नीट.

“तुम्ही बसलात म्हणून लाजतोय मेला,” सिस्टर म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत दहीभात खाता खाता अक्काने विचारलं, “सिस्टर, एक सांगा. सोबत आलेल्यांच्या रकान्यात सकाळपासून नऊ वेळा ‘जेबमणी’ आलंय. या गावात तुमच्या नावाच्या इतक्या बायका?”

सिस्टरांचा घास हातातच राहिला. इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, “ती मीच आहे.”

“म्हणजे?”

“कोणी एकटं आलं की तिथे ‘एकटे’ अशी खूण करायची, असं तुमच्याच पोरांनी शिकवलं. केली की सोबतीची चौकट नाहीशी होते. छान. पण मग सेव्ह केलं की सगळंच नाहीसं होतं! दोनदा तसं झालं, दोनदा सगळ्यांना परत बोलावून लिहिलं. तेव्हापासून मी खूण करत नाही. एकटं कोणी आलं की माझं नाव घालते, माझा फोन घालते. जुन्या सगळ्या सिस्टर तेच करतात. नवीन पोरगी येते ती खूण करते आणि रडते.”

ती ‘एकटे’ची खूण नेत्रालयाने मागाहून मागितली होती. मी तपासलं होतं, खूण केल्यावर चौकट नाहीशी होते का. झाली. मी ‘ठीक’ लिहून टाकलं. खूण केलेली ओळ सेव्ह करून मी कधी पाहिलीच नव्हती. मी ते तिथेच कबूल केलं. अक्काने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, “ते नंतर. सिस्टर, आहे ते सेव्ह करा. मग एकच ओळ भरा, खूण करून.”

रांगेत पुढे मारात्ताळ नावाची म्हातारी होती, सत्तरीच्या पुढची, हातात कापडी पिशवी. सिस्टरांनी तिची ओळ भरली, ‘एकटे’वर खूण केली, मनातल्या मनात प्रार्थना केली असावी, आणि सेव्ह दाबलं. पडदा लाल.

“हेच!” अक्काने टाळी वाजवली.

म्हातारी दचकली. “माझ्यामुळे काही मोडलं का गं, अम्मिणी?”

“नाही हो आजी. मोडलेलं होतंच, तुमच्यामुळे सापडलं.”

कारण एवढंसं होतं. खूण केली की पानावरून चौकट निघून जायची, पण सेव्ह करणारा प्रोग्राम प्रत्येक ओळीत त्या चौकटीतलं नाव उचलायला जायचाच. उचलायला काही नसलं की तो तिथेच कोसळायचा आणि बाकीच्या ओळीही घेऊन पडायचा. दुरुस्ती दोन ओळींची. चौकट आहे का ते आधी विचार, मग हात घाल. मी म्हटलं, “अक्का, बसमध्येच करून टाकू.”

पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती सिस्टरांना विचारत होती, “तुमचा फोन घालता म्हणालात. मग ऑपरेशननंतर नेत्रालयातून फोन जातो, औषधाचे थेंब घाला, पट्टी काढायला या. तो कोणाला येतो?”

“मलाच की.”

“आणि तुम्ही काय करता?”

“काय करणार? त्या गावच्या बसच्या कंडक्टरकडे निरोप देते. नाहीतर दूधवाल्याकडे. एक-दोघींकडे मी स्वतःच जाऊन येते रविवारी चर्च झाल्यावर.” मग जरा चिडून म्हणाल्या, “चुकीचं लिहिलं हे मला माहितेय. पण ओळ पुसली जाण्यापेक्षा बरं ना?”

परतीच्या बसमध्ये अक्का वही चाळत बसली. उतरायच्या आधी म्हणाली, “तंबी, आपण ते दोन ओळींचं केलं की काय होईल? चूक जाईल. सिस्टर खूण करतील. आणि मारात्ताळच्या ओळीत फोनच नसेल. निरोप कोणालाच जाणार नाही. आज तो चुकीच्या फोनवर का होईना, पण जातोय.”

मला हे सुचलं नसतं, हे मी आजही मान्य करतो.

सोमवारी तिने दुरुस्ती केली. तसाच न विचारता हात घातलेल्या आणखी सतरा जागा शोधून काढल्या, त्याही केल्या. पण नवीन प्रोग्राम नेत्रालयाला द्यायला ती तयार होईना.

“चूक गेली ना?” नटेसन सार म्हणाले.

“चूक गेली. काम झालं नाही. एकट्या माणसासाठी दुसरा प्रश्न हवा, गावात निरोप कोणाकडे द्यायचा.”

“ते करारात नाही, अम्मा.”

“मग मी नेत्रालयाच्या डॉक्टरांना विचारून येते, करारात घालता का म्हणून.”

तिने सगळ्या शिबिरांच्या सिस्टरांना एकेक करून फोन केले, कोणी कोणाच्या नावाने किती एकट्यांना नोंदवलंय ते विचारलं. एकीने हॉलच्या वॉचमनचं नाव घातलं होतं, एकीने आपल्या नवऱ्याचं. “नवऱ्याला माहितेय का?” अक्काने विचारलं. “त्याला काय, कागदावर दीडशे सासवा झाल्यात,” ती म्हणाली. यादी तयार झाली. दोन वर्षांत सातशे बारा माणसं एकटी आली होती, आणि नेत्रालयाच्या कागदावर एकही नाही.

नेत्रालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ती यादी दोनदा वाचली. म्हणाल्या, “आम्ही दर वर्षी अहवालात लिहितो की आमच्याकडे प्रत्येकासोबत कोणीतरी येतं.” मग त्यांनी विचारलं, “हे निरोप आतापर्यंत पोचवले कोणी?” अक्काने सिस्टरांची नावं सांगितली. स्वतःचं काही सांगितलं नाही.

नवा प्रश्न तक्त्यात आला. एकट्यांना घरी सोडायला गाडी ठरली. त्या सिस्टरांना फोनचा खर्च मिळू लागला. जेबमणी सिस्टरांना मिळाला तेव्हा त्यांनी अक्काला पत्र पाठवलं, त्यात एकच वाक्य होतं: इतके दिवस मला वाटत होतं मी चोरी करतेय.

मला वाटलं होतं अक्का कधीतरी मला ‘ठीक’ लिहिल्याबद्दल बोलेल. एकदा मीच विषय काढला. ती म्हणाली, “तू चौकट बघितलीस. चौकट भरणारं माणूस बघायला तुला कोणी पाठवलं नाही. ती चूक ऑफिसची.”

पुढच्या वर्षी नटेसन सारांनी तिला प्रोग्राम विभागाची प्रमुख केलं. तिने पहिलाच नियम केला, की काम हातात घेणाऱ्याने एक पूर्ण दिवस ते वापरणाऱ्याच्या मागे, स्टुलावर, तोंड बंद ठेवून बसायचं. नव्या इंजिनिअरांना हा अपमान वाटतो. परवा दोन मुली अशाच एका शिबिरातून तणतणत आल्या.

“अक्का, त्या सिस्टरने आम्हाला दिवसभर टोमणे मारले.”

“किती गोष्टी लिहून आणल्यात?”

“एकोणीस.”

“बसा,” अक्का म्हणाली, आणि स्वतः उठून त्यांच्यासाठी कॉफी आणायला गेली.