तुजा किती वाकतो?

शेवंताक्कांनी पहिल्या भेटीत मला ना नाव विचारलं, ना गाव. सांगलीतल्या फिजिओथेरपीच्या खोलीत मी कुबड्या भिंतीला टेकवून शेजारच्या खाटेवर बसलो, तशी त्यांनी माझ्या उजव्या गुडघ्याकडं टक लावून पाहिलं आणि विचारलं, "तुजा किती वाकतो?"

मी म्हणालो, पंच्याऐंशी अंश. त्यांचा सत्तर होता. त्यांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा त्या अर्धा तास आधीपासून येऊन घाम गाळत होत्या.

मी कुंडलचा. आमच्या घरात कुस्ती आणि फौज सोडून तिसरं काही कुणी केलं नव्हतं. मी शिकायला कोल्हापुरात मामाकडं गेलो, फुटबॉलच्या नादी लागलो आणि थेट गोव्यातल्या एका क्लबात पगारी खेळाडू झालो. सव्विसाव्या वर्षी एका सरावाच्या सामन्यात वळताना गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि आतला अस्थिबंध तुटला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले. करार संपायलाही जवळपास तेवढेच उरले होते.

शेवंताक्का पलूसच्या, पासष्टीच्या. डावा गुडघा बदललेला, उजवा बदलायचा राहिलेला. घरी दोन म्हशी, द्राक्षांची बाग आणि वैशाखात नातीचं लग्न. त्या लग्नात बेंजोच्या बँडपुढं नाचायचं, एवढ्यासाठी त्यांनी गुडघा बदलून घेतला होता. लेकींना मात्र देवदर्शनाला चालता यावं म्हणून, असं सांगितलं होतं.

आमची शर्यत सुरू झाली. व्यायाम करून घेणाऱ्या मृणाल मॅडम पट्टीनं कोन मोजायच्या आणि अक्का आपला आकडा खोलीभर ऐकू जाईल असा जाहीर करायच्या. मॅडम गुडघा दाबायला लागल्या की मी दात आवळायचो. अक्का वीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासूला नावानिशी शिव्या द्यायच्या. शिवी दिली की पाच अंश जास्त वाकतो, असं त्यांचं ठाम मत होतं. मी लाजत लाजत आमच्या गोलरक्षकाला एक शिवी हासडून पाहिली. नव्वद भरले. पण शंभराला पहिल्या पोचल्या त्याच. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या खोलीला चुरमुऱ्यांचं भडंग वाटलं. मानेला पट्टा बांधलेल्या एका गृहस्थांना मान वाकवून पुडीत बघता येईना, तर त्यांना अक्कांनी स्वतःच्या हातानं भरवलं.

सहाव्या महिन्यात माझ्या पायात ताकद भरली. सरळ रेषेत मी वाऱ्यासारखा पळू लागलो. पण उजव्या पायावर वळायचं म्हटलं की अंग आपोआप थांबायचं. वळता न येणारा खेळाडू क्लबाच्या काय कामाचा? हे मी कुणाला बोललो नव्हतो. अक्कांच्या मात्र ते व्यायामाच्या सायकलवर बसल्या बसल्या बरोबर ध्यानात आलं. माझ्या मोबाइलवर त्या सामन्यातल्या माझ्या पडण्याचा व्हिडिओ होता, तो त्यांनी मागून घेतला आणि तीनदा पाहिला.

"कुनी हात बी लावला न्हाई. एकटाच पडलास व्हय?"

मला ते झोंबलं, कारण खरं होतं. मी मैदानाला दोष दिला होता, बुटांना दिला होता. राग काढायला समोर माणूसच नव्हता. मग अक्कांनी त्यांच्या म्हशीची गोष्ट सांगितली. गोठ्याच्या दारात घसरून पडलेली ती म्हैस पाय बरा झाल्यावरही आत पाऊल टाकत नव्हती.

"पाय बरा झाला हुता," अक्का म्हणाल्या, "म्हस बरी झाली नव्हती."

मी विचारलं, मग आत गेली कशी?

"रेडकू आत बांदलं. त्याच्याकडं बगत बगत गेली की."

वैशाखात पलूसला नातीची वरात निघाली; अक्कांनी मलाही बोलावलं होतं. चाला, पण नाचू नका, अशी मॅडमनी तंबी दिली होती. अक्का चार पावलं चालल्या, काठी नातजावयाच्या हातात दिली आणि बेंजोपुढं जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही लेकी डोक्याला हात लावून बघत राहिल्या. मी अक्कांच्या पुढं पाठमोरा नाचत होतो. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, अक्का पडल्या! मी उजव्या पायावर गर्रकन वळलो आणि त्यांना दोन्ही हातांत झेललं.

त्या माझ्या हातांतूनच वर बघत म्हणाल्या, "वळलास की रं."

तेव्हा कुठं मला कळलं, आणि मग मी गल्लीत वेड्यासारखा गोल गोल फिरत सुटलो. अक्कांचा खरंच तोल गेला होता की त्या मुद्दाम पडल्या? नंतर खूपदा विचारलं. दरवेळी एकच उत्तर मिळालं, म्हशीला इचार.

क्लबानं मला चाचणी घेऊन एक वर्ष ठेवून घेतलं. पहिल्या अकरांत जागा नव्हती. शेवटची वीसेक मिनिटं मिळायची. पूर्वी मी मैदानावर नाव व्हावं म्हणून पळत होतो. आता वळता येतं, याच आनंदात पळतो.

दिवाळीनंतर अक्कांचा फोन आला, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय म्हणून. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. एवढ्यावर थांबणाऱ्या शेवंताक्का मला ठाऊक नव्हत्या. रजा काढून सांगलीला गेलो. तोही गुडघा आता एकशेदहा वाकतो, पण माझ्या मनात राहिली आहे ती ऑपरेशनची सकाळ. लेकी सारख्या सांगत होत्या, आई, काही कळणारसुद्धा नाही. अक्कांनी त्यांना चहाला पिटाळलं आणि माझं मनगट धरलं.

"पयल्यापरास जास्ती दुखंल का रं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "तेवढंच दुखंल, अक्का. किती ते तुमाला म्हाईतच हाय."

"मंग जमंल," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी मनगट सोडलं. मग त्यांना ढकलगाडीवर घालून नेणाऱ्या मिशाळ वॉर्डबॉयला म्हणाल्या, "मामा, जरा जोरात घ्या की. बैलगाडी हाय व्हय?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्यांनी जी गाडी पळवली, ती खडखडत थेट थिएटरच्या दारातून आत गेली आणि दार मिटलं. लेकी चहाचे कप घेऊन परत आल्या आणि मला विचारू लागल्या, आत एवढं मोठ्यानं कोण हसतंय?