सर्व्हरचं ओळखपत्र आणि आम्ही तिघं

फ्रिजमध्ये आपण उरलंसुरलं डब्यात घालून ठेवतो ना, तसे आमच्या ऑफिसचे किस्से साठलेत. रोज म्हणते, एकदा बसून संपवून टाकू, आणि रोज एक नवा डबा आत जातो! आज बसलेच आहे, तर ऐका.

आमचं ऑफिस पनवेलला, एका डेंटिस्टच्या वर. माणसं तीन. घरत साहेब मालक, मी आणि नफिसा. काम काय, तर कंपन्यांचे सर्व्हर एकमेकांशी कुलूपबंद बोलतात, तिसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ते बोलणं अडलं की आम्हाला फोन. प्रत्येक सर्व्हरकडे एक सर्टिफिकेट असतं, ओळखपत्रच समजा. त्यावर नाव असतं आणि मुदतीच्या तारखा. त्यात काही गडबड झाली की समोरचा सर्व्हर तोंड फिरवतो.

*

तळोज्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सचं सॉफ्टवेअर उघडलं की लाल बोर्ड यायचा, 'हे कनेक्शन सुरक्षित नाही.' मंडळी शांतपणे 'तरीही पुढे जा' दाबायची. अशी वर्षं गेली! शेवटी मी जाऊन ते नीट केलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या पाटलांचा फोन. "मॅडम, काल काय केलंत? सिस्टिम बिघडली."

"काय होतंय?"

"काहीच होत नाहीये! तो लाल बोर्ड येतच नाही. डायरेक्ट उघडतंय."

"अहो, मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसं? लाल आल्यावरच पुढे जायचं, असं आम्हाला ट्रेनिंग दिलंय!"

*

उलव्याच्या एका बिल्डरच्या सर्व्हरचं नाव होतं 'उलवे'. विमानतळ जवळ आला तसा त्यांच्याकडे एक नवा मार्केटिंग मॅनेजर आला, आणि त्यानं दिसेल त्याचं नाव बदललं. बिल्डिंगचं, गेटचं आणि जाता जाता सर्व्हरचंही. सर्टिफिकेटवर मात्र नाव जुनंच. झालं! ऑफिसातला एकही कॉम्प्युटर त्या सर्व्हरला ओळख देईना.

घरत साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. साहेब मूळचे तिथलेच, उलव्यात त्यांच्या आजोबांची भातशेती होती. "नाव कोणी बदललं?"

"मी, सर. रीब्रँडिंग! उलवे जरा गावठी वाटतं ना."

साहेबांनी खुर्ची फोनजवळ ओढली. मग म्हणाले, "तुमचं नाव काय?"

"बॉबी."

"आधारकार्डावर?"

"...बबन."

"मग बॉबी नावाचं तिकीट काढा आन् बबनच्या आधारवर इमानात बसून दाखवा. बसलात का आमी तुमचा सर्व्हर चालू करतो!"

*

आता नफिसाबद्दल सांगते. नफिसा मुकादम आमच्या पनवेलचीच. लग्नाआधी हेच काम करायची, मग मुलं झाली, नवरा कुवेतला गेला, आणि हिची नोकरी सुटली. मुलं शाळेत रुळल्यावर ती आमच्याकडे आली. इंटरव्ह्यूतच तिनं स्पष्ट सांगितलं, "पक्की नोकरी लागली की मी ह्यांना परत बोलावणार आहे. इथे ते काहीतरी दुकान टाकतील, पण तोवर घरात एक पगार पक्का पाहिजे. धाकटीला अब्बा म्हणजे मोबाइलमध्ये राहणारा माणूस वाटतो."

साहेब म्हणाले, "तीन म्हैने बगू." बस्स, तेवढंच.

सुरुवातीला बिचारी एंटर दाबायच्या आधीही मला विचारायची. "ताई, दाबू?" मी म्हणायची, "दाब गं बाई, स्फोट होत नाही!"

*

तिची भीती मोडली ती एका पतसंस्थेच्या माणसामुळे. सर्टिफिकेटच्या जोडीला एक गुप्त चावी असते, नुसत्या अगम्य अक्षरांचा ढीग. ती कुणालाही दाखवायची नसते. या गृहस्थानं घाईत ती आपल्या फॅमिली ग्रुपवर टाकली! मग फोनवर रडकुंडीला आला.

"कुणी कुणी बघितली?" नफिसानं विचारलं.

"सगळ्यांनी! काकांनी अंगठा दाखवला, मावशीनं हात जोडले, आणि आत्या विचारतेय, हा मंत्र कितीदा म्हणायचा?"

मला हसू आवरेना. नफिसा मात्र हसली नाही आणि ओरडलीही नाही. तिनं जुनी चावी रद्द केली, नवी बनवली, सगळं सुरू करून दिलं. मग त्याला म्हणाली, "आत्यांना सांगा, खुशाल म्हणा. आता त्यानं काहीच उघडत नाही!"

साहेब चहा सांडेपर्यंत हसले. पण पक्कं करण्याबद्दल चकार शब्द नाही.

*

मग एक मोठा कॉल. एका कंपनीचे दोन सर्व्हर बोलेनात, आणि कॉलवर ही गर्दी! जो तो म्हणतोय, "आमच्या साइडनं ओके आहे." बराच वेळ हेच चाललं.

शेवटी नफिसा बोलली. "सगळ्यांच्या साइडनं ओके आहे, तर मग मी फोन ठेवू?"

मग कोपऱ्यातून एक आवाज, "शुक्रवारी आम्ही त्या कुलपाचं एक जुनं व्हर्जन बंद केलं होतं, पण त्याचा काही संबंध नाही."

नफिसानं माझ्याकडे बघून हळूच अंगठा वर केला. 'काही संबंध नाही' ऐकू आलं की आम्ही निश्चिंत होतो, बिघाड सापडलेला असतो!

*

आणि हा तिचे तीन महिने संपले त्या दिवशीचा.

आमच्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवरही एक सर्टिफिकेट असतं. त्याशिवाय ऑफिसच्या सिस्टिमचं दार उघडत नाही. ट्रायलवरच्या माणसाला तीन महिन्यांचं मिळतं. त्या सकाळी नफिसानं लॅपटॉप उघडला आणि दार बंद. मेसेज होता, 'सर्टिफिकेटची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही.' हा मेसेज आम्ही इतक्यांदा बघतो, की 'संपली'च्या पुढे कुणी वाचतच नाही.

"ताई, मला काढलं."

"गप गं! साहेब असे न सांगता काढतील?"

"तोंडावर सांगवलं नसेल."

साहेब रजेवर. फोन लावला, लागेना. मी परत परत लावत राहिले. इतका जीव लावून काम करणारी पोरगी, तिला अशी घालवायची? मनातल्या मनात मी साहेबांना जे काही बोलले ते इथे सांगत नाही.

नफिसानं डबा पिशवीत भरला. मग मोबाइल पुढे केला. कुवेतला नवऱ्याला पाठवायला लिहिलं होतं, 'तिकीट काढू नका.' "पाठवू, ताई?"

मी तो मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"थांबा, जायच्या आधी बघते तरी," म्हणत तिनं ते सर्टिफिकेट उघडलं. तीन महिन्यांची सवय! आत तारखा दोन. पहिली, सुरू व्हायची, उद्याची. दुसरी, संपायची, पुढच्या वर्षाची.

"ताई... हे जुनं नाही. हे नवीन टाकलंय."

वर्षाचं सर्टिफिकेट आमच्याकडे फक्त पक्क्या माणसाला मिळतं! नफिसा खुर्चीत बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली. मीही रडले, कशाला लपवू? मग तिनं मेसेजमधला 'नका' पुसला, 'काढू'चं 'काढा' केलं आणि पाठवून दिला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी तोंडच सोडलं. "साहेब, पोरीचा जीव जायचा राहिला! पक्कंच करायचं होतं, तर आजपासून करायला काय झालं होतं? मधला एक दिवस दार बंद कशाला?"

"ओ ताई," साहेब म्हणाले, "कॅलेंडर बगा की! आज अमावस हाय. पोरीची पक्की नोकरी मी आज चालू करू काय?"