कारखानीस साहेबांचा पहिला घास

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून कच्चं. चौथीनंतर शाळा सुटली, मग पेन्सिल हातात यायची ती दूधवाल्याचे खाडे मांडण्यापुरती. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, ओळ वर-खाली जाईल, त्याची माफी असावी. पण कारखानीस साहेबांबद्दल लिहायला फार सुंदर अक्षर लागेल असं मला वाटत नाही.

कारखानीस साहेब दुसऱ्याच्या ताटातला पहिला घास खायचे. सिंगापूरला तोआ पायोहमध्ये आमच्या घराजवळ हॉकर सेंटर होतं. एका मोठ्या छपराखाली खाण्याची लहान लहान दुकानं आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. दर शनिवारी संध्याकाळी चार-पाच मराठी कुटुंबं तिथे जमायची आणि साहेब मधोमध बसायचे. तुम्ही आपलं ताट घेऊन आलात की समोरून त्यांचा चमचा पुढे यायचा. "थांबा, आधी मला बघू दे." घास तोंडात घोळवत ते डोळे मिटायचे. टेबलावरचे सगळे हात थांबायचे. मग डोळे उघडून ते म्हणायचे, "नव्हे."

नव्हे म्हणजे खरं मलेशियन नव्हे. नारळाच्या रसातल्या शेवयांचा लाक्सा असो, परोटा असो, नाहीतर काड्यांवर भाजलेलं मटण असो, निकाल तोच. "हे सिंगापूरचं झालं. मलेशियाचं नव्हे." एकदा ते हे दुकानाच्या तोंडाशी उभं राहून इंग्रजीत बोलले. आतल्या म्हाताऱ्या चिनी माणसाने झारा हलवत, तिकडे वाक्याच्या शेवटी लावतात तो 'लाह' लावून सांगितलं, "नो लाइक, यू गो मलेशिया, लाह. बस इज देअर." सगळे हसले. साहेब म्हणाले, "बघा, त्यालाही पटलं."

साहेब रॅफल्स प्लेसला एका मोठ्या बँकेत वरच्या जागेवर होते. तरुणपणी दोन वर्षं क्वालालंपूरला होते. त्या दोन वर्षांवर त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य काढलं. माझा मुलगा नीलेश ज्या कंपनीत कंप्युटरचं काम करायचा, त्या कंपनीला काम या बँकेकडून यायचं. म्हणून साहेब जेवायला बोलावतात याचं आमच्या घरात कौतुक होतं. मी नात ईराला सांभाळायला गेले होते, तेव्हा तिच्याबरोबर मीही शनिवारी टेबलाच्या कडेला बसायची.

पहिल्या शनिवारी मी नासी लमाक खाल्ला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तिखट चटणी, तळलेले दाणे आणि वर बारीक सुकी मासळी कुरकुरीत तळून. मी रत्नागिरीकडची. परक्या देशात समोर नारळ आणि सुकी मासळी आली, तर मला काय झालं असेल ते समजून घ्या. शेजारी साहेबांच्या बायको बसल्या होत्या, वसुधावहिनी. त्यांच्या कानाशी मी हळूच म्हटलं, "छान आहे हो." साहेबांनी ऐकलं.

"काकू," ते टेबलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "छान वाटणं वेगळं आणि छान असणं वेगळं. जिभेला शाळा लागते."

सगळे हसले. नीलेशही हसला. मी ताटात बघत राहिले. मला काकू म्हणणारे साहेब माझ्याहून चांगले मोठे होते, हेही आत्ताच सांगून ठेवते.

नव्हे म्हटलं की माणूस ताट बाजूला सारतो असं तुम्हाला वाटेल. साहेब तसे नव्हते. नव्हे म्हणत म्हणत ते आपलं ताट संपवायचे, मग वहिनींच्या ताटात उरलेलं, मग एखाद्या पोराच्या ताटातलं. ईरा तेव्हा सहा वर्षांची होती. ती एकदा मोठ्याने म्हणाली, "आजी, अंकल ऑल्वेज से नॉट नाइस, बट ही फिनिश एव्हरीथिंग, लाह!" सूनबाईने तिला डोळे दाखवले. मी तिला घरी गेल्यावर लाडू दिला.

आता पैशाचं. या दुकानांमधे मागणी सांगताच रोख मोजावी लागते. पैसे दिल्याशिवाय ताट उचलू देत नाहीत. आणि साहेबांकडे रोख कधीच नसायची. "आम्ही बँकेतली माणसं. नोटा बाळगत नाही. नोट म्हणजे काय, कागद." मग त्यांचा आवाज यायचा, "काकू, जरा देऊन टाका हो. मी नीलेशला ट्रान्सफर करतो."

मी देऊन टाकायची. माझ्याकडे कापडी बटवा होता आणि त्यात माझे स्वतःचे पैसे होते. गावी वर्षानुवर्षं कोकम आणि पापड विकून साठवलेले, येताना डॉलर करून आणलेले. मुलगा-सून मला काही कमी करत नव्हते. पण परत जावंसं वाटलं तर कुणाच्या तोंडाकडे न बघता तिकीट काढता यावं, एवढ्यासाठी मी ते आणले होते. तो बटवा म्हणजे माझं विमान होतं.

आणि साहेब एकट्यापुरतं थोडंच मागवायचे? "सगळ्यांना एकेक चाखू दे," म्हणून टेबल भरायचं. यजमान ते, बटवा माझा. खाणारे साहेबांना म्हणायचे, "वा साहेब, आज चैन केली!" साहेब हात हलवून म्हणायचे, "त्यात काय एवढं."

दोन-तीन शनिवार गेल्यावर मी नीलेशला विचारलं, साहेबांचे पैसे आले का. तो दचकला. "आई, एवढ्याशासाठी साहेबांना काय विचारायचं? आमच्या कामाचं त्यांच्याकडे रिन्युअल आहे." म्हणजे आले नव्हते. पुढच्या शनिवारी मी पुन्हा पैसे दिले. मला तसंही चारचौघांत बोलता येत नाही. भाजीवाल्याने सुटे कमी दिले तरी मी घरी येऊन स्वतःलाच बोलते.

मग एकदा साहेबांनी सगळ्यांना जोहोर बाहरूला नेलं. समुद्रावरच्या पुलापलीकडे मलेशिया लागतो, बसने जायचं, दोन्हीकडे पासपोर्टची रांग. साहेब सबंध रांगभर बोलत होते. "आज तुम्हाला खरं काय ते कळेल." तिथे एका मलाय बाईच्या टपरीवर आम्ही चिंचेच्या आंबट-तिखट रश्शातला मासा खाल्ला. आमसुलाऐवजी चिंच, एवढं सोडलं तर आमच्याकडचं कालवणच. मला घाम फुटला इतका तो झणझणीत होता आणि मी भात पुन्हा मागून घेतला. साहेबांनी डोळे मिटले. मलेशियातच बसलो होतो, आता काय म्हणतील म्हणून सगळे थांबले.

"नव्हे," साहेब म्हणाले. "हे सिंगापूरच्या गिऱ्हाइकांसाठी केलेलं. खरं पाहिजे तर पेनांगला जायला हवं."

तिथेही पैसे मीच दिले. त्यांनी मलेशियाचे पैसे आणलेच नव्हते. "इथे डॉलर घेतात, काकू." त्या बाईने डॉलर घेतले आणि मोड म्हणून आपल्याकडचे रिंगिट दिले, तेही मला कमीच वाटले. मी साहेबांना तसं म्हटलं, तर बँकेतला हा एवढा मोठा माणूस म्हणतो, "काकू, भावाचं काय घेऊन बसलात? चव बघा." ते रिंगिट मला पुढे कशालाच उपयोगी पडले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावाहून माईचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, फोन आला. तिला मूलबाळ नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी पाऊस संपल्यावर ऑपरेशन ठरवलं होतं. "तू येशील ना? मला डोळ्यांत औषध घालायला दुसरं कोण आहे?" मी म्हटलं, येते. फोन ठेवून बटवा उघडला. त्यात तिकिटाचे निम्मेही नव्हते. साहेबांनी माझं विमान शनिवारी शनिवारी खाल्लं होतं.

नीलेशकडे मागितले असते तर त्याने नाही म्हटलं नसतं. पण "आई, ईराची परीक्षा होऊ दे ना," म्हणाला असता, आणि सून म्हणाली असती, "माझं ऑफिसचं एवढं संपलं की मी सुट्टी टाकते." परीक्षा आणि ऑफिस ही कधी न संपणारी कामं आहेत. माईचे डोळे तेवढे थांबणार नव्हते.

त्या शनिवारी एक नवीन जोडपं आलं होतं, म्हणून साहेब फुलून गेले होते. ते लाक्साच्या दुकानाशी गेले, सगळ्यांसाठी सांगितलं, फळीवर वाफाळते वाडगे ओळीने मांडले गेले. दुकानातल्या आंटीने हात पुढे केला. साहेबांनी मागे वळून हाक दिली, "काकू!"

मी टेबलाशी बसले होते. मी उठले नाही. भीतीने की रागाने ते मला अजून कळलेलं नाही. मी मान हलवली. नाही.

साहेबांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. "अहो काकू, पैसे!" त्यांच्यामागे रांग लांबली होती. कुणीतरी ओरडलं, "अंकल, फास्ट लाह!" आंटीने हात तसाच धरला होता आणि दुसऱ्या हाताने वाडगे मागे ओढायला सुरुवात केली. साहेब तरातरा टेबलाशी आले. "काय झालं काकू? बरं नाही का?"

"माझे आधीचे द्या," मी म्हटलं.

माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. मला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने आला.

साहेब हसले. "अहो, आधीचे म्हणजे असे किती असतील? चहा-कॉफीचे!" बटव्यात किती होते आणि किती उरले ते मला पाठ होतं. मी आकडा सांगितला. नवीन जोडप्यातल्या मुलीने हळूच पर्स उघडली आणि ती आपल्या दोन वाडग्यांचे पैसे देऊन आली. "ठीक आहे, नीलेशला ट्रान्सफर—" साहेब म्हणाले.

"नीलेशला नको. मला. नोटा द्या."

घरी जाताना नीलेश माझ्यापुढे चार पावलं चालत होता. रात्री म्हणाला, "आई, साहेबांची काय शोभा केलीस तू!" मी म्हटलं, माझ्या पैशाने त्यांची शोभा चालली होती, ती मी थांबवली. तो आठवडाभर फुगून होता. त्याचं रिन्युअल वेळेवर झालं. ते त्याच्या कामाने झालं, माझ्या लाक्साने अडलं नसतं, हे त्यालाही तेव्हा कळलं असेल.

पैसे एकदम मिळाले असं समजू नका. "एवढी कॅश एका वेळी काढणं बरं दिसत नाही," साहेब म्हणाले, "दर शनिवारी देत जाईन." रस्ता ओलांडला की बँकेचं मशीन होतं. पण साहेबांना हप्ता पाहिजे होता. दर शनिवारी ते एखाद-दुसरी नोट देवळात दक्षिणा ठेवावी तशी टेबलावर ठेवायचे आणि बाकीच्यांना म्हणायचे, "काकूंनी मला कर्जदार केलं बरं का!" नोट दिली की बोलायला सुरुवात. क्वालालंपूरचा परोटा, इपोहच्या शेवया, आणि पेनांग तर रोजचंच. माझे पैसे त्यांच्याकडे, म्हणून मला बसावं लागायचं.

"काकू, तुम्ही पैशाकडे बघता, मी चवीकडे," असं एकदा म्हणाले. चव फुकट पडत असली की माणसाला तिच्याकडे बघायला सवड मिळते. हे मी बोलले नाही, इथे लिहिते आहे.

ज्याने त्याने आपले पैसे द्यायचे असं झाल्यावर मंडळी गळायला लागली. कुणाच्या मुलाचा क्लास निघाला, कुणाचं डोकं दुखायला लागलं. खऱ्या मलेशियन चवीची ओढ इतक्या लवकर आटलेली बघून मला साहेबांची कीवही आली, पण थोडीच. शेवटी टेबलाला साहेब, वहिनी, ईरा आणि मी एवढेच उरलो. एका शनिवारी साहेब हात धुवायला गेले तेव्हा वहिनी खाली बघत म्हणाल्या, "बरं केलंत काकू. घरी माझ्या आमटीलाही इतकी वर्षं नव्हेच आहे." मी विचारलं, "मग खातात?" वहिनी म्हणाल्या, "दोन वाट्या."

शेवटचा हप्ता आला तेव्हा पाऊस संपत आल्याचं माईने फोनवर सांगितलं होतं आणि तिकिटाच्या दुकानात मी भाव विचारून ठेवला होता. आम्ही चेंडोल मागवलं होतं, किसलेल्या बर्फावर नारळाचं दूध आणि माडाचा गूळ. ते आपापल्या पैशांनी. साहेबांनी नोटा टेबलावर ठेवल्या. "मोजून घ्या, काकू. बँकेचा माणूस आहे मी." मी मोजून घेतल्या. बरोबर होत्या.

"आता गुळाचं ऐका," साहेब म्हणाले. "हा गूळ नव्हे. गूळ मेलाकाचा. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा—"

मी नोटा बटव्यात घातल्या, बटव्याची दोरी ओढली आणि ईराचा हात धरून उठले.

"आजी," ईरा मागे बघत म्हणाली, "अंकल इज स्टिल टॉकिंग."

"बोलू दे," मी म्हटलं. "पैसे पुरे आले."