त्या सभेत लाइन गेली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आत्ताच का सांगतोय? काल टेकडीवर पुन्हा पाहुणे आले, आणि पुन्हा माझ्या गळ्यात हार पडला.

टेकडी म्हणजे आमच्या गावामागची, धामणगाव बढेच्या रस्त्यावरून दिसते ती. आधी नुसते दगड होते. आता कंबरेएवढं गवत आहे, विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असतं. यात खोटं काही नाही, गावानं घाम गाळलाय. मी शाळेत शिक्षक, त्यामुळे श्रमदान असो की सभा, पुढे मीच. पुढे पुढे करायची हौसच मला — लपवून काय करू?

ती सभा चराईबंदीची होती. टेकडीवर कुणी जनावर सोडायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. ज्यांना शेत होतं त्यांना बांधावरचा चारा होता. सुभद्रामावशीला शेतच नव्हतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि टेकडीवर चरणाऱ्या बकऱ्या — तेवढाच तिचा संसार. आदल्या दिवशी ती घरी आली. "सर, टेकडी बंद करा, माहं ना नाही. फक्त नाल्याकडची पट्टी माह्या बकऱ्यायले मोकळी ठेवा. मले सभेत बोलू द्या." मी म्हणालो, बोला ना मावशी, तुमचा हक्कच आहे.

मग सभेत काय शिरलं माझ्या अंगात? तालुक्याहून साहेब आले होते, मांडव गच्च भरला होता, लोक हात वर करायला तयार बसले होते. आणि ती उठली. पदर सावरत माइकपाशी आली. तिचं म्हणणं रास्त होतं, हे मला कळत होतं — म्हणूनच तर भीती वाटली. लोकांनी ऐकलं असतं, तिला पट्टी दिली असती, मग आणखी कुणी काही मागितलं असतं, आणि साहेबांसमोर माझी सभा विस्कटली असती. माझी! गावाची नाही, बरं का.

माइकची पिन माझ्या खुर्चीमागच्या बोर्डात होती. मी — मी हात मागे नेला आणि ती उपसली.

"लाइन गेली," असंही मीच म्हणालो. कुणाला संशय येणार? आमच्याकडे ती रोजच जाते. मावशीचा आवाज मुळातच बारीक, दुसऱ्या ओळीलाही ऐकू गेला नाही. ओठ तेवढे हलत होते. लोकांना वाटलं, बाई पाठिंबाच देतेय. टाळ्या पडल्या. ती गोंधळली, इकडेतिकडे पाहिलं, आणि खाली बसली. मी गळा ताणून ठराव वाचला, हात वर झाले. मग पिन हळूच परत लावली आणि आभार माइकवरून मानले. इतका निर्लज्ज!

दिवाळीच्या आत तिनं बकऱ्या विकल्या. आता ती लोकांच्या वावरात निंदायला जाते. माझ्याही.

काल पाहुणे गेल्यावर ती वाटेत भेटली, हातात खुरपं होतं.

"टेकडी बाकी हिरवीगार झाली हो, सर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माहंच नशीब फुटकं. बोलाले उभी राह्यली अन् लाइन गेली."

"हाव ना, मावशी," मी म्हणालो. हार तेव्हाही गळ्यातच होता.